वाचकांचे प्रश्न : प्लॅटिनमचा स्लॅब आणि हायड्रोजनचा अर्धा रेणू

मागच्या अंकात पाण्यापासून हायड्रोजन काढणाऱ्या उत्प्रेरकांचा अभ्यास संगणकावर डीएफटीने (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढणाऱ्या गणिताने) कसा होतो, यावर लेख होता. त्यावर सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून बरीच पत्रं आली. काही एम.एस्सी.च्या प्रकल्पात अडकलेल्यांची आहेत, काही कारखान्यातून. सारख्या प्रश्नांना एकत्र करून उत्तरं देत आहोत.

निवृत्त शिक्षक, पंढरपूर : ‘डेल्टा-जी (हायड्रोजन पृष्ठभागाला चिकटताना होणारा मुक्त ऊर्जेतला बदल) शून्याजवळ असलेला धातू चांगला’ असं लेखात होतं. हायड्रोजनला जितकं घट्ट धरेल तितका उत्प्रेरक चांगला, असं का नाही?

घट्ट धरला तर सुटणार कधी? प्रोटॉन पृष्ठभागावर येऊन बसतो, इलेक्ट्रॉन घेतो आणि मग अशा दोन अणूंचा रेणू होऊन वायू निघून जातो. धातूची पकड सैल असेल तर पहिली पायरी अडते, घट्ट असेल तर शेवटची. पॉल साबातिए यांनी (१९१२चं रसायनशास्त्राचं नोबेल) हे तत्त्व ढोबळपणे मांडलं होतं. येन्स न्योर्स्कोव्ह आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये निरनिराळ्या धातूंसाठी हायड्रोजनची ही मुक्त ऊर्जा गणिताने काढून ती प्रयोगातल्या विद्युत्प्रवाहाशेजारी मांडली, तेव्हा डोंगरासारखा आलेख तयार झाला. प्लॅटिनम उणे ०.०९ इलेक्ट्रॉनव्होल्टवर, शिखराजवळ. सोनं पलीकडच्या सैल उतारावर आणि निकेल अलीकडच्या घट्ट उतारावर, शून्यापासून साधारण पाव इलेक्ट्रॉनव्होल्ट दूर.

हा एकच आकडा सगळं सांगतो असं मात्र समजू नका. अल्कली द्रावणात प्लॅटिनमचा वेग आम्लातल्यापेक्षा खूप कमी पडतो. तिथे आधी पाण्याचा रेणू फोडावा लागतो आणि ती पायरी या आकड्यात धरलेलीच नाही.

एम.एस्सी. विद्यार्थिनी, जुळे सोलापूर : प्लॅटिनमच्या सपाट (१११) पृष्ठभागावर हायड्रोजनची अधिशोषण (चिकटण्याची) ऊर्जा मला उणे २.७२ इलेक्ट्रॉनव्होल्ट येते. प्रकाशित आकडे उणे ०.३ ते ०.५ आहेत. क्वांटम एस्प्रेसो हा प्रोग्राम, पीबीई हे फंक्शनल (इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचं अंदाजी सूत्र) वापरलं. गणित कन्व्हर्ज झालेलं (स्थिरावलेलं) आहे. चूक कुठे?

तुमचा स्लॅब (पृष्ठभाग म्हणून घेतलेले धातूचे काही थर) बहुधा ठीक आहे. वजाबाकीत तुम्ही हायड्रोजनचा सुटा अणू घेतला आहे, घ्यायला हवा होता अर्धा रेणू. पीबीईमध्ये हायड्रोजनचा बंध साधारण ४.५४ इलेक्ट्रॉनव्होल्टचा. त्याचा अर्धा २.२७. उणे २.७२ मध्ये २.२७ मिळवले की उणे ०.४५ राहतात आणि तो आकडा प्रकाशित आकड्यांत नीट बसतो.

चुकलेला आकडा स्वतःच बरंच बोलतो, त्यामुळे हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. उणे ३.७च्या आसपास आलं, तर सुटा अणू घेतला आणि वर त्याचं स्पिनही चालू केलं नाही, असं समजावं. अधिक १५च्या घरात आलं तर रेणू अर्धा न करता अख्खा वजा झाला. उणे ०.०३ आलं तर उत्तर रिडबर्गमध्येच राहिलं, १३.६०६ने गुणायचं विसरलं. आणि आकडा दिसायला बरा आहे पण ०.१-०.२ने इकडेतिकडे जातोय, तर चूक शोधायला सर्वांत चिवट असते. तिथे रिकामा स्लॅब, हायड्रोजनसह स्लॅब आणि रेणू या तीन गणितांत काहीतरी वेगळं असतं : कटऑफ (किती बारीक लहरी धरायच्या त्याची मर्यादा), स्यूडोपोटेन्शिअलची (अणूच्या आतल्या इलेक्ट्रॉनांऐवजी वापरायच्या सोप्या विभवाची) फाइल किंवा फंक्शनल.

असं का होतं? स्लॅबची एकूण ऊर्जा हजारो इलेक्ट्रॉनव्होल्ट असते आणि आपल्याला हवा असतो तिच्यातला एका इलेक्ट्रॉनव्होल्टच्या काही दशांशांचा फरक. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाचा ट्रक ड्रायव्हरसह आणि ड्रायव्हरशिवाय तोलून ड्रायव्हरचं वजन काढण्यातला हा प्रकार. जमतो, पण दोन्ही वेळा काटा तोच आणि ट्रक तोच असेल तरच.

प्रकल्पवहीत पायऱ्या अशा लिहून ठेवा. आधी घन प्लॅटिनमचा जालक स्थिरांक तुमच्याच फंक्शनलने काढा. पीबीईत तो ३.९७ अँगस्ट्रॉमच्या आसपास येतो, प्रयोगातला ३.९२ आहे. बरीच मुलं पुस्तकातला ३.९२ तसाच टाकतात. मग स्लॅब सव्वा टक्का दाबलेला राहतो, डी-पट्टा (धातूच्या डी-इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जांचा पट्टा) खाली सरकतो आणि हायड्रोजन सैल बसतो. दोष मात्र स्यूडोपोटेन्शिअलला मिळतो.

मग चार थरांचा, दोन-बाय-दोनचा स्लॅब करा : १६ अणू, बाजू साधारण ५.६१ अँगस्ट्रॉम, थरांतलं अंतर २.२९. म्हणजे स्लॅबची जाडी सात अँगस्ट्रॉमच्या आत, वर १५ अँगस्ट्रॉम व्हॅक्यूम, पेटीची उंची २२. खालचे दोन थर गोठवा, वरचे दोन आणि हायड्रोजन मोकळे सोडा. एका पेटीत एक हायड्रोजन म्हणजे पृष्ठभागाच्या चार अणूंमागे एक, पाव थर व्याप्ती. प्रकाशित आकड्याशी तुलना करताना त्यांची व्याप्ती आधी बघा. पाव थराची तुलना पूर्ण थराशी करून ‘जुळत नाही’ म्हणण्यात अर्थ नाही.

के-पॉइंट (इलेक्ट्रॉनांच्या लहरी ज्या बिंदूंवर मोजतात ते) ६ × ६ × १ घ्या आणि त्यांची जाळी गॅमावर, म्हणजे शून्य बिंदूवर, केंद्रित ठेवा. षट्कोनी पेटीत सम जाळी सरकवली की सममिती मोडते. अल्ट्रासॉफ्ट स्यूडोपोटेन्शिअल असेल तर लहरींचा कटऑफ ५० रिडबर्ग आणि घनतेचा त्याच्या आठ ते दहा पट. घनतेचा कटऑफ लिहायचा राहिला तर प्रोग्राम आपला आपण चौपट धरतो. अल्ट्रासॉफ्टला ते कमी पडतं आणि इशारा ठळक दिसेलच असं नाही. धातूसाठी स्मीअरिंग (इलेक्ट्रॉनांची भरण थोडी पसरवणं) मार्झारी-व्हँडरबिल्ट पद्धतीचं, ०.०१ ते ०.०२ रिडबर्ग. हायड्रोजनचा रेणू वेगळ्या १२ ते १५ अँगस्ट्रॉमच्या पेटीत, फक्त गॅमा बिंदूवर, स्मीअरिंगशिवाय. बंधाची लांबी ०.७५ अँगस्ट्रॉम आली की तो भाग बरोबर.

कन्व्हर्जन्सची चाचणी घेताना एकूण ऊर्जा स्थिरावते का हे बघू नका. अधिशोषण ऊर्जा स्थिरावते का ते बघा. कटऑफ ४०, ५०, ६० करून ती ०.०२च्या आत राहिली तर पुढे जा. एकूण ऊर्जा तोवर हलत असली तरी बिघडत नाही, कारण बरीचशी चूक दोन्ही बाजूंना सारखीच येते आणि वजाबाकीत जाते.

एक सूचना हायड्रोजनच्या जागेबद्दल. एफसीसी आणि एचसीपी खळगा (तीन अणूंमधल्या दोन तऱ्हेच्या जागा), पूल (दोन अणूंच्या मधोमध) आणि थेट अणूच्या डोक्यावर, चारही जागा करून बघा. प्लॅटिनमवर त्यांच्यातला फरक फार थोडा आहे. खळग्यात हायड्रोजन पृष्ठभागापासून साधारण ०.९ अँगस्ट्रॉमवर ठेवा, डोक्यावर १.५६वर. बरोबर सममित जागी ठेवलेला अणू आडवं बल शून्य असल्यामुळे हलतच नाही आणि ‘रिलॅक्स झालं’, म्हणजे अणू आपल्या जागी स्थिरावले, असा भास होतो. सुरुवातीलाच त्याला ०.०५ अँगस्ट्रॉम बाजूला ढकला. स्लॅबच्या एकाच बाजूला रेणू चिकटवला असेल तर डायपोल दुरुस्ती चालू करा. हायड्रोजनला तिचा फारसा फरक पडत नाही, पण पाणी किंवा कार्बन मोनॉक्साइड आलं की पडतो.

विद्यार्थी, बार्शी : अधिशोषण ऊर्जेवरून डेल्टा-जी काढताना सगळे ०.२४ मिळवतात. हा आकडा कुठून आला? आणि माझ्या वारंवारतांमध्ये एक काल्पनिक येते, तिचं काय करायचं?

हायड्रोजनच्या रेणूची शून्यबिंदू ऊर्जा ०.२७ इलेक्ट्रॉनव्होल्ट, अर्ध्या रेणूची ०.१३५. धातूवर बसलेल्या अणूची साधारण ०.१७. फरक ०.०४. रेणूची एन्ट्रॉपी २९८ केल्व्हिनला १३०.७ ज्यूल प्रति मोल प्रति केल्व्हिन आहे. तिला तापमानाने गुणलं की ०.४० इलेक्ट्रॉनव्होल्ट, अर्ध्या रेणूची ०.२०. पृष्ठभागावर बसलेल्या अणूची एन्ट्रॉपी जवळजवळ नगण्य, म्हणून हे ०.२० पूर्ण गमावले जातात. ०.०४ आणि ०.२० मिळून ०.२४. धातूच्या खळग्यांत बसणाऱ्या हायड्रोजनला हा आकडा चालतो. ऑक्साइडवर, सल्फाइडच्या कडेवर किंवा अणूच्या डोक्यावर बसलेल्या हायड्रोजनसाठी स्वतः वारंवारता काढा. आणि तापमान बदललंत तर ०.२० तसाच ठेवू नका.

हे सगळं शून्य व्होल्टला, प्रमाण हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या मानाने. तिथे प्रोटॉन अधिक इलेक्ट्रॉन यांची मुक्त ऊर्जा अर्ध्या हायड्रोजन रेणूइतकी असते, म्हणून पाण्यातल्या प्रोटॉनचं अवघड गणित टळतं. न्योर्स्कोव्ह यांच्या गटाने २००४मध्ये ही युक्ती प्लॅटिनमवरच्या ऑक्सिजन अपचयनासाठी वापरली आणि तेव्हापासून ती रूढ झाली. विभव लावलं की प्रत्येक इलेक्ट्रॉनमागे ऊर्जा तेवढ्याने सरकवायची, पीएचच्या प्रत्येक अंकाला ०.०५९.

आता काल्पनिक वारंवारता. ती शंभर प्रति सेंटिमीटरच्या वर असेल आणि अणू पुलावर बसलेला असेल, तर तुमचा हायड्रोजन दोन खळग्यांमधल्या खिंडीत आहे, तळाशी नाही. त्या कंपनाच्या दिशेने त्याला थोडा सरकवून पुन्हा रिलॅक्स करा, खळग्यात जाईल. ती वीस-तीसच्या आसपासची असेल तर बहुतेक वेळा बलं नीट शून्याला आलेली नसतात. प्रोग्राममध्ये बलाची मूळ मर्यादा ०.००१ रिडबर्ग प्रति बोर, म्हणजे ०.०२६ इलेक्ट्रॉनव्होल्ट प्रति अँगस्ट्रॉम. वारंवारतेच्या गणितासाठी ती पाचपट कडक करा, विस्थापन ०.०१ अँगस्ट्रॉम ठेवा. आधी नुसता हायड्रोजन रेणू करून बघा. ४३०० ते ४४०० आलं तर पद्धत बरोबर चाललीय.

विद्यार्थ्यांची दोन पत्रं, होटगी रस्ता आणि अक्कलकोट : आठ जीबीच्या लॅपटॉपवर हे जमेल का? उन्हाळ्यात दुपारी तो फार तापतो, मध्येच वीज जाते आणि गणित पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

सोळा अणूंचा स्लॅब जमतो. तीन-बाय-तीनचा, ३६ अणूंचा स्लॅब अशा लॅपटॉपवर करायच्या भानगडीत पडू नका.

प्रोसेसरचे खरे कोअर किती आहेत ते बघा आणि तेवढेच एमपीआय प्रोसेस (एकाच वेळी चालणारे कामाचे भाग) द्या. आठ ‘थ्रेड’ दिसतात म्हणून आठ दिले तर बहुधा वेग वाढत नाही, मेमरी मात्र जास्त जाते. ओपनएमपीचे थ्रेड एकवर बांधा, नाहीतर चार प्रोसेस प्रत्येकी चार थ्रेड उघडतात आणि मशीन नुसतं घोंगावत राहतं. आउटपुटच्या शेवटी सीपीयू आणि वॉल असे दोन वेळ छापलेले असतात. वॉल दुप्पट-तिप्पट असेल तर मेमरी संपून काम डिस्कवर गेलं आहे. अशा वेळी के-पॉइंट कमी करून भागवू नका, छोट्या पेटीचा प्रश्न निवडा.

सोलापुरात मे महिन्यात खोलीच ४० अंशांना असते. प्रोसेसर ९५-१०० अंशांना पोचला की स्वतःच वेग उतरवतो. गणित चुकत नाही, लांबतं. एकेका आवर्तनाला लागणारा वेळ दुपारी आणि रात्री ताडून बघा, फरक दिसला तर मोठी कामं रात्री दहानंतर लावा. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, मागून दोन बोटं उचलून ठेवा.

वीज जाण्याचा इलाज इनपुटमध्येच आहे. कमाल वेळेची मर्यादा सेकंदांत देता येते. दोन तास हवे असतील तर ७२०० लिहा. मर्यादा आली की प्रोग्राम सगळं लिहून नीट थांबतो आणि पुढच्या वेळी ‘रिस्टार्ट’ म्हटलं की तिथूनच सुरू होतो, मात्र प्रोसेसची संख्या तीच ठेवावी लागते. धाडकन बंद पडलेल्या कामाचा रिस्टार्ट भरवशाचा नाही. अशा वेळी आउटपुटमधले शेवटचे अणूंचे सहनिर्देशक उचलून नव्या इनपुटमध्ये घाला आणि पहिल्यापासून सुरू करा. रिलॅक्सेशनची दहा पावलं झाली असतील तर ती वाया जात नाहीत. तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवू नका.

होटगी रस्त्याच्या पत्रात आणखी एक तक्रार आहे : ऊर्जा वरखाली झुलत राहते, शंभर आवर्तनांतही कन्व्हर्ज होत नाही. लांब पेटीतल्या धातूच्या स्लॅबमध्ये हे नेहमीचं आहे, इलेक्ट्रॉनांची घनता एका टोकाकडून दुसऱ्याकडे सळसळत राहते. मिक्सिंगचा गुणांक ०.७वरून ०.२-०.३वर आणा आणि मिक्सिंगचा प्रकार स्थानिक थॉमस-फर्मीचा निवडा. तरी झुललं तर दोन अणू एकमेकांवर चढलेत का ते चित्र काढून बघा. निम्म्या वेळा तेच निघतं.

मोठ्या कामासाठी राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनची यंत्रं आहेत. जवळचं म्हणाल तर पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतलं परम ब्रह्म. अर्ज मार्गदर्शकांमार्फत करावा लागतो, आणि अर्जात कन्व्हर्जन्सच्या चाचण्या जोडल्या तर तो वजनदार होतो.

लघुउद्योजक, चिंचोळी एमआयडीसी : छोटा अल्कली इलेक्ट्रोलायझर बसवायचा विचार आहे. डेल्टा-जी शून्य असलेला कॅथोड घेतला तर विजेचं बिल किती उतरेल?

हिशेब सोपा आहे. एक किलो हायड्रोजनसाठी सेलच्या प्रत्येक व्होल्टला २६.६ युनिट वीज लागते. सेल १.९ व्होल्टवर चालत असेल तर साडेपन्नास युनिट. उष्णतेसह धरलेली किमान मर्यादा १.४८ व्होल्टची, म्हणजे ३९.४ युनिट. ०.१ व्होल्ट वाचवला तर किलोमागे २.७ युनिट वाचतात. त्याला तुमच्या बिलातला दर लावा, मग महागड्या कॅथोडला किती पैसे द्यायचे ते कळेल.

पण मोठी गळती बहुधा कॅथोडवर नसतेच, ती ॲनोडवर असते. पाण्यातून ऑक्सिजन सुटताना चार पायऱ्या लागतात, एकूण ४.९२ इलेक्ट्रॉनव्होल्ट. आदर्श उत्प्रेरकात प्रत्येक पायरी १.२३ची असती. गणित सांगतं की ओएच आणि ओओएच ही दोन मध्यस्थं पृष्ठभागाला एकाच पद्धतीने धरतात. धातू बदला, ऑक्साइड बदला, त्यांच्यातलं अंतर ३.२च्या आसपासच राहतं, हवं २.४६. जास्तीचे ०.७४ दोन पायऱ्यांत वाटले तरी ०.३७ व्होल्टचा भुर्दंड उरतो. म्हणून नुसता धातू बदलून ॲनोड सुधारणं अवघड जातं. अल्कलीत आज निकेल-लोह ऑक्सिहायड्रॉक्साइड चांगलं चालतं, आणि गंमत अशी की शुद्ध समजलेल्या निकेलची बरीचशी कामगिरी पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मिसळलेल्या लोहाच्या अंशामुळे असते.

तुमच्या पत्रात बोअरच्या पाण्याचा उल्लेख आहे. ते थेट घालू नका. किलोमागे नऊ लिटर पाणी नुसतं विघटनातच जातं आणि त्यातला कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड सेलमध्ये साचत राहतो. कॅथोडवर पांढरा थर चढला की डेल्टा-जी काही का असेना. कॅथोडच्या आधी चांगल्या डीआयनायझरवर खर्च करा. कॅथोडसाठी रॅने प्रकारचं सच्छिद्र निकेल पुरे. त्याची पकड थोडी घट्ट असली तरी क्षेत्रफळ ती कसर भरून काढतं.

केमिस्ट, साखर कारखाना, माढा तालुका : प्रेसमडच्या बायोगॅसपासून निकेलवर हायड्रोजन करता येईल का, याचं मॉडेल करायचं आहे. कुठून सुरुवात करू?

गंधकापासून. कच्च्या बायोगॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड शेकड्यांपासून हजारो पीपीएमपर्यंत असतो आणि वाफेच्या रिफॉर्मिंगच्या निकेलला तो ०.१ पीपीएमच्या खाली लागतो. प्रत्यक्षात आधी धुलाई आणि मग ३५०-४०० अंशांना झिंक ऑक्साइडचा थर, त्यानंतर निकेल.

मॉडेलमध्ये दोन पृष्ठभाग घ्या : सपाट (१११) आणि पायरीचा (२११). मिथेनचा बंध पायरीवर सोपा तुटतो, आणि गंधकही आधी पायरीवरच जाऊन बसतो. नुसता (१११) केलात तर विषबाधा सौम्य दिसेल. गंधकाची ऊर्जा सुट्या गंधकाच्या मानाने काढू नका. ‘बसलेला गंधक अधिक हायड्रोजन मिळून हायड्रोजन सल्फाइड’ अशी अभिक्रिया मांडा. मग लक्षात येईल की गंधकाची व्याप्ती सल्फाइड आणि हायड्रोजन यांच्या गुणोत्तरावर आणि तापमानावर ठरते. तापमान चढलं की ती उतरते.

निकेलला स्पिन लागतं. सुरुवातीचं चुंबकत्व द्यायला विसरलात तर गणित शून्य चुंबकत्वावर स्थिरावतं आणि काही तक्रारही करत नाही. घन निकेलला अणूमागे ०.६ बोर मॅग्नेटॉन आले का ते पाहा. मिथेनच्या पहिल्या बंधासाठी एनईबी (अभिक्रियेचा किमान ऊर्जेचा रस्ता शोधणारी पद्धत) करताना आधी पाच प्रतिमांनी, म्हणजे मधल्या रचनांनी, रस्ता आखा, मग शिखर चढणारी प्रतिमा चालू करा. संक्रमण अवस्थेत कार्बन-हायड्रोजन अंतर दीड ते पावणेदोन अँगस्ट्रॉम यावं आणि काल्पनिक वारंवारता नेमकी एकच.

उंच तापमानाचा एक फायदा तुम्हाला मिळतो. अडथळ्यात ०.२ इलेक्ट्रॉनव्होल्टची चूक झाली तर खोलीच्या तापमानाला वेग सुमारे २४०० पटींनी चुकतो, ८०० अंशांना फक्त नऊ पटींनी.

दोघांचा एकच प्रश्न, सोलापूर : पीबीई, आरपीबीई, बीफ... बरोबर फंक्शनल कोणतं?

सगळ्यांना बरोबर असं कोणतंच नाही. पीबीई (१९९६) रेणूंना जरा जास्तच घट्ट धरतो, आरपीबीई (१९९९) सैल. बीफ आपल्या आकड्यात किती चूक असू शकते याचा अंदाजही देतो, म्हणून धातूवरच्या छोट्या रेणूंसाठी आम्ही तो सुचवू. सर्वांत बोलकं उदाहरण कार्बन मोनॉक्साइडचं. प्रयोगात तो प्लॅटिनमवर अणूच्या डोक्यावर उभा राहतो, पीबीई त्याला खळग्यात बसवतं. असा आकडा घेऊन जागा ठरवू नका. भुश्शापासून मिळणाऱ्या फरफ्युरालसारखा सपाट रेणू असेल तर व्हॅन डर वाल्स दुरुस्ती हवीच, तिच्याशिवाय त्याचं कडं तांब्यावर जवळजवळ तरंगत राहतं.

एकदा निवडलं की शेवटपर्यंत तेच. दोन धातूंची तुलना दोन फंक्शनलनी करून छापलेले तक्ते दिसतात. त्यांच्यावर वेळ घालवू नका.

टॉवेल कारखान्यातील रंगविभाग, अक्कलकोट रस्ता एमआयडीसी : रंगाच्या सांडपाण्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड बघतोय. मुलाच्या गणितात बँड गॅप (इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात उडवायला लागणारी ऊर्जा) २ इलेक्ट्रॉनव्होल्ट आला, पुस्तकात ३.२. मग तो साध्या उजेडात चालेल का?

नाही. पीबीईत ॲनाटेजचा (टायटॅनियम डायऑक्साइडच्या एका स्फटिकरूपाचा) गॅप नेहमीच दोनच्या आसपास येतो, खरा ३.२च आहे आणि त्याला अतिनील किरण लागतात. गॅपसाठी हायब्रिड फंक्शनल वापरायला सांगा. ‘यू’ दुरुस्ती (डी-इलेक्ट्रॉनांसाठी घालायची जास्तीची ऊर्जा) फिरवून ३.२ आणता येतो, पण मग त्याच ‘यू’ने काढलेली अधिशोषण ऊर्जा बिघडलेली असू शकते.

पीएच.डी.ला नुकतीच नोंदणी केलेली वाचक, मोहोळ : आता एआय मॉडेल सेकंदात अधिशोषण ऊर्जा देतात. मग डीएफटी शिकायचं कशाला?

मॉडेल वापरा, जरूर वापरा. २०२०च्या ओपन कॅटॅलिस्ट संचात दहा लाखांहून जास्त रिलॅक्सेशन आहेत आणि त्यांवर शिकलेली मॉडेल फुकट मिळतात. शंभर मिश्रधातूंच्या हजारभर जागांतून बऱ्या वीस निवडायला ती उत्तम. पण तो संच आरपीबीईचा आहे आणि त्यात स्पिन धरलेलं नाही. तुमचा विषय कोबाल्ट-लोहाचा आहे, म्हणजे नेमका तिथेच खड्डा. पीबीईने काढलेल्या स्वतःच्या आकड्यांत मॉडेलचे आकडे मिसळले तर आलेखावरचा कल फंक्शनलचा निघेल, धातूचा नाही.

निवडलेल्या वीसमधून पाच घ्या. त्यांत मॉडेलने सर्वांत चांगले ठरवलेले दोन, सर्वांत वाईट ठरवलेला एक आणि मधले दोन असू द्या. त्यांचं डीएफटी स्पिनसह स्वतः करा. फरक सगळीकडे साधारण सारखाच, एकाच दिशेचा असेल तर क्रम विश्वासाचा आहे. कुठे वर, कुठे खाली जात असेल तर मॉडेलला तुमच्या पन्नास-शंभर गणितांवर पुन्हा शिकवावं लागेल. त्याआधी रिलॅक्स झालेल्या रचना एकेक करून डोळ्यांनी बघा, कारण मॉडेलने ‘फार घट्ट’ म्हणून दिलेल्या जागांत रेणू फुटलेला असतो किंवा पृष्ठभागाचा अणूच उखडलेला असतो, आणि आकड्याच्या रकान्यात ते दिसत नाही.